उत्तरेची भिंत

१४ सप्टेंबर, बुधवार

टण्.

सत्तर वर्षं होत आली, तरी आज डोळे उघडले ते त्याच आवाजानं. बाबा कुठलाही दगड भिंतीत बसवायच्या आधी हातोडीच्या पाठीनं त्याला एकदा विचारायचे. दगड धड असेल तर म्हणायचा टण्. आत चीर असेल तर नुसताच बद्द. बद्द म्हणणारा दगड कितीही देखणा असो, बाबा तो उताराला लोटून द्यायचे. मी सहा वर्षांचा होतो, वाळूच्या ढिगावर बसून आमची शाळा उभी राहताना बघत होतो. दिवसभर टण्, टण्, मध्येच बद्द, आणि मग दगड गडगडत खाली ओढ्यात. पुढे त्याच शाळेत गुरुजींनी कविता शिकवल्या, पण माझ्या कानाला वृत्त कळलं ते त्या वाळूवर.

सोमवारी सकाळी साडेनऊला धरणी हलली. माझ्या कपाटातले सहा पेले फुटले, पोलिक्सेनीच्या कॉफीच्या दुकानातला आरसा पडला, आणि शाळेच्या उत्तरेच्या भिंतीला पोट आलं. पोट म्हणजे फुगवटा, चार बोटं. त्यावरून दारावर लाल कागद : धोकादायक इमारत, प्रवेश बंद.

आज क्रुसाचा सण. चर्चमध्ये या दिवशी वाटतात ती तुळशीची काडी घेऊन कॉफी प्यायला गेलो तर सरपंच मेनेलाओस आधीच बसलेला.

"काका, ती आता भिंत राहिलेली नाही. दगडांचा ढीग आहे. उभा ढीग."

"उभा ढीग तर तूही आहेस," मी म्हटलं. "तुला कुठं कुणी लाल कागद चिकटवलाय?"

पोलिक्सेनी काउंटरमागे पदराआड हसावं तशी टॉवेलात हसली. मेनेलाओस हसला नाही. सत्तावीस ऑक्टोबरला जिल्ह्याच्या यानिना शहरातून समिती येणार आहे. भिंत दुरुस्त होण्यासारखी आहे हे तिला दिसलं तर शाळा राहील. नाहीतर बुलडोझर, आणि त्या जागी काँक्रीटचा हॉल. मेनेलाओसनं हॉलचं चित्रसुद्धा भिंतीवर लावून टाकलंय. चित्रात झाडं आहेत, माणसं आहेत. आमच्या आनो लिथारी गावात एवढी माणसं शेवटची कधी होती कोण जाणे.

मी म्हटलं, "शाळा पडणार नाही."

"कोण वाचवणार? तुम्ही?"

"हो. मी."

मग घरी येऊन हा वहीचा गठ्ठा काढला. शाळा बंद झाली तेव्हा उरलेल्या कोऱ्या वह्या मी उचलून आणल्या होत्या. चोरीच म्हणा. आज त्यांचा उपयोग झाला.

गुरुजींनी आमच्या गावासाठी एक कविता रचली होती. वर्ग रोज सकाळी उभा राहून म्हणायचा :

दगड म्हणे, मी भार वाहीन,
लाकूड म्हणे, मी ताण साहीन,
चुना म्हणे, मी हळूहळू होईन…

चौथी ओळ आठवत नाही. भिंतीची आहे, एवढंच आठवतं. दिवसभर जिभेच्या टोकाशी घोळवली. नाही.


१७ सप्टेंबर, शनिवार

लाल कागद फाडला नाही. मी अडाणी नाही. त्यात ‘इमारत’ हा शब्द चुकीचा लिहिला होता, तेवढा शिसपेन्सिलीनं दुरुस्त केला आणि कागदाखालून आत शिरलो.

माझा बाक अजून तिथंच. तिसऱ्या रांगेतला. बसलो तर गुडघे वर आले.


२० सप्टेंबर, मंगळवार

यानिनाहून इंजिनियर आली. समितीच्या आधी तपासणी करणार म्हणे. अरेती नाव. वय तीस असेल नसेल, केस पोरासारखे कापलेले, गाडीतून उतरताच भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही झिसिस मिस्त्री ना? मिस्त्रीकाका म्हटलं तर चालेल?"

"आधी भिंतीशी बोला. मग माझ्याशी."

हसली. दोन विटांवर तिनं एक लांबट पातळ फरशी ठेवली आणि मला शिकवायला लागली. मला! "बघा काका, दगडावर वरून डोंगर ठेवा, तो हूं की चूं करणार नाही. पण असा आडवा टाकून मधोमध पाय दिला की…" आणि पाय दिला. फरशी काडकन तुटली. "कारण खालच्या अंगाला तो ताणला जातो. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही."

"बाई," मी म्हटलं, "ही फरशी माझ्या अंगणातली होती."

ती लाल झाली. मग मीच पुढचं सांगितलं. सांगायला नको होतं, पण ज्ञान पोटात राहत नाही. भूकंप भिंतीला वरून दाबत नाही, बाजूनं ओढतो. म्हणून आमचे लोक तीन-तीन हात दगड चढला की भिंतीत आडवं लाकूड घालतात, आत एक, बाहेर एक, मध्ये आडव्या पट्ट्या, शिडीसारखं. बाबा त्याला कमरपट्टा म्हणायचे. दगड भार घेतो, लाकूड ओढ घेतं, आणि चुना दोघांना धरून ठेवतो, पण घट्ट नाही. थोडं हलू देतो. नवरा-बायकोला हलू देतात तसं.

तिनं सगळं लिहून घेतलं. मग अगदी सहज विचारलं, "उत्तरेच्या भिंतीतले कमरपट्टे कुणी घातले?"

"ते सगळे वर गेले," मी म्हटलं.

ती भिंतीच्या वरच्या टोकाकडे बघायला लागली. मी म्हटलं, "तिथं नाही. आणखी वर."

खोटं बोललो. सगळे नाही गेले.


२५ सप्टेंबर, रविवार

सिमेंटवाल्यांचं मला हसू येतं. युद्धात गाव जाळलं तेव्हा शाळेचं छप्पर गेलं, बाकं गेली, नकाशे गेले, गुरुजींची पेटी गेली. चारपैकी तीन भिंती काळ्या होऊन उभ्या राहिल्या. आम्ही डोंगरातून खाली उतरलो तेव्हा आधी शाळाच दिसली, आत आभाळ भरलेलं. बाबांनी खिशातून हातोडी काढून कोपऱ्यातल्या दगडावर मारली. टण्. तिथंच बसून रडले. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं.

उत्तरेची भिंत तेवढी आगीत खचली होती. ती आम्ही पन्नास साली पुन्हा उभी केली. बाबा, मी, आणि लाकडाचं काम करणारा एक एकोणीस वर्षांचा पोरगा. वय एकोणीस, पण हात साठीचा. वाकस असा चालवायचा की लाकडाचे ढलपे पानासारखे गळायचे. थंडीत तोडलेलं चेस्टनटच घ्यायचा, रस उतरलेला असतो म्हणून. दुसरं लाकूड दिलं तर वास घेऊन परत करायचा.

त्याच्या बहिणीशी पुढं माझं लग्न झालं. लांब्रिनीशी.

पाठ दुखते आहे. पुरे.


२ ऑक्टोबर, रविवार

ती पुन्हा आली, सुट्टीच्या दिवशी! सरकारी माणूस रविवारी राबतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी काळं असतं. माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करते आहे.

हातात हातोडी होती. भिंतीवर खालून वर मारत गेली. टण्, टण्, टण्… आणि छातीच्या उंचीवर, जिथं पहिला कमरपट्टा आहे, तिथं बद्द. पुढं हात-दीड हात बद्द. पुन्हा बद्द.

मी ओरडलो, "नीट मारता येत नसेल तर हातोडी इकडे दे!"

दिली. मी मारली.

बद्द.

तिनं बाहेरच्या दगडांमधल्या दरजांवरून बोट फिरवलं. करड्या, टणक, गुळगुळीत. "काका, आतून भिंत चुन्यात आहे. बाहेरून दरजा सिमेंटनं भरल्यात. हे कुणी केलं?"

"त्या वेळचा कंत्राटदार होता कुणीतरी."

"सिमेंट वाईट नसतं," ती म्हणाली, जणू कुणाची समजूत घालत होती. "फक्त त्याला श्वास नसतो. भिंतीत ओल येतेच. चुन्यातून ती निघून जाते. सिमेंट दार बंद करतं. मग ओल आतल्या आत फिरते, आणि लाकूड…"

"लाकडाचं मला सांगू नको."

निघताना विचारते, "लाकडाचं काम करणारे ते… लारिसाला असतात का?"

कोण बोललं तिला? पोलिक्सेनी. दुसरं कोण? त्या बाईच्या तोंडाला दरजाच नाहीत.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.


६ ऑक्टोबर, गुरुवार

वहीशी खोटं बोलून काय मिळणार? वही माझी, चोरी माझी.

कंत्राटदार नव्हता. मी होतो.

एकाहत्तर साल. गावात रस्ता आला, आणि रस्त्यावरून सिमेंट आलं, कागदी पिशव्यांतून. आम्ही आयुष्यभर चुना विरवून हात जाळून घेतले होते. एक वर्ष खड्ड्यात मुरव, मग वाळू, मग वाट बघ. आणि हे? पाणी घाल, संध्याकाळपर्यंत दगड! मी गवंड्यांच्या टोळीचा म्होरक्या होतो. एक्केचाळीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, मूर्ख. शाळेच्या भिंतींना ‘बळकटी’ द्यायचं काम मीच मागून घेतलं. सुरुवात उत्तरेपासून. चुना कोरून काढला, सिमेंट ठासलं. उन्हात चांदीसारखं चमकत होतं. पैसे तेवढ्यावरच संपले, बाकीच्या तीन भिंती वाचल्या. तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं होतं.

बाबा काठी टेकत आले. हातोडी काढली, पण मारली नाही. परत खिशात घातली आणि निघून गेले. एक शब्द नाही.

शब्द कोस्मासनं काढला. कोस्मास म्हणजे तोच, माझा मेहुणा, लाकडाचा माणूस. पोलिक्सेनीच्या सासऱ्याचं दुकान होतं तेव्हा, भरलेलं. तो म्हणाला, "दाजी, लाकूड गुदमरेल. तुम्ही त्याच्या नाकातोंडात बोळे कोंबलेत."

सगळं दुकान हसलं. माझ्यावर. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "तुझ्या पोटाचा प्रश्न आहे म्हणून बोलतोस. आता तुझं लाकूड फक्त शवपेट्यांना लागणार. जा, तिथं नाव काढ."

आठ दिवसांपूर्वीच त्यानं स्वतःच्या मुलीसाठी पेटी केली होती. चार वर्षांची होती. मला माहीत होतं. तोंडातून निघून गेलं असं मी चौतीस वर्षं म्हणत आलो. निघून गेलं नव्हतं. मी निवडून मारलं होतं. गवंडी आहे मी, नरम जागा मला बरोबर सापडते.

तो उठला, कॉफीचे पैसे ठेवले, आणि कायमचा लारिसाला गेला. लांब्रिनीला पुरलं तेव्हा स्मशानाच्या फाटकाशी एक पाठ दिसली. मी पोहोचेपर्यंत पाठही गेली.

लांब्रिनीनं मला कधी विचारलं नाही. एकदाही नाही.


९ ऑक्टोबर, रविवार

छिन्नी, हातोडी, जुनी टोपी. आज सिमेंट काढायला घेतलं. माझं पाप आहे, मी कोरीन. समितीला यायला अठरा दिवस आहेत, भिंत वीस हात लांब. पोटाखाली आधी तीन टेकू लावले, मूर्ख असलो तरी आंधळा नाही.

मेनेलाओस गाडी थांबवून काच खाली करून म्हणाला, "काका, पाडायचं काम आम्ही मशीननं करणारच होतो. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"मशीनला कविता येत नाहीत," मी म्हटलं.

"आँ?"

"जा तू."

चार हात झाले. रात्री तळहात सुजून पावासारखे.


१३ ऑक्टोबर, गुरुवार

उघडं पडलं.

पहिला कमरपट्टा. बोट लावलं तर आत गेलं. ओल्या तंबाखूसारखं, तपकिरी, चुरा. तिथून एक गांडूळ बाहेर आलं, माझ्याकडे बघितलं आणि आपल्या कामाला गेलं. शाळेच्या भिंतीत गांडूळ!

बसून राहिलो. मग राग आला, सरळ सरळ माझाच. म्हटलं, झिसिस, एवढंच का? पुढं कोर. पुढं कोरलं. अडीच हातांपर्यंत सडकं, आणि मग हातोडी उसळली. टण् नाही, लाकूड टण् म्हणत नाही. पण भरीव, पोकळ नव्हे. वर दुसरा कमरपट्टा जवळजवळ पूर्ण धड. त्याच्यावर तीन खाचा आणि एक तिरपी रेघ. कोस्मासची खूण. पंचावन्न वर्षं अंधारात, त्यांतली चौतीस नाक दाबून, आणि तरी उभा!

मी त्या खुणेला हात लावला. टोपी का काढली ते माहीत नाही. ऊन होतं म्हणून असेल.


१८ ऑक्टोबर, मंगळवार

मेनेलाओस घरी आला. फुललेला, सोबत त्सिपुरो दारूची बाटली. म्हणजे वाटाघाटी.

"काका, ऐका. नवीन हॉलच्या दारावर तुमच्या बाबांच्या नावाची पाटी लावू. मोठी. संगमरवरी."

"कशावर लावणार?"

"भिंतीवर."

"कुठल्या भिंतीवर?"

"काका, हट्ट करू नका. माझी आई, तिचे गुडघे गेलेत, तुमच्या त्या शाळेत अकरा पायऱ्या आहेत. हॉलला उतार असेल. खुर्ची आत जाईल. अठ्ठावीस तारखेला, युद्धात शत्रूला ‘नाही’ म्हटलं त्या सणाला, पोरं तिथं कविता म्हणतात, त्या तिनं सहा वर्षांत ऐकलेल्या नाहीत."

हे मला माहीत नव्हतं. मी त्याला हाकलणार होतो, ते राहिलं. म्हटलं, "उताराला दोन दिवस लागतात. दगडाचा बांधून देतो. पण शाळा पाडून नाही."

"तुमच्याशी बोलणं म्हणजे…"

"भिंतीशी बोलणं. बोल ना, घाबरतोस कशाला?"

बाटली मात्र ठेवून गेला. वाईट माणूस नाही. घाईचा आहे. मीही होतो.


२१ ऑक्टोबर, शुक्रवार

मागच्या अंगणातला चुन्याचा खड्डा उकरला. वीस वर्षांपूर्वी विरवून वाळूखाली झाकून ठेवला होता, सवयीनं, कुणासाठी म्हणून नाही. वरची कवची फोडली तर आत लोण्यासारखा, पांढरा, थंड. चुना खड्ड्यात जितका म्हातारा होतो तितका मऊ होतो. माझ्यासारखा नाही.

अरेती आली. सबंध भिंत सोललेली बघून तिनं डोक्याला हात लावला. "एकट्यानं? काका, तुम्हाला काही झालं असतं तर?"

"तर समितीला एक कागद कमी भरावा लागला असता."

मग मी तिला सांगितलं. सिमेंट मी भरलं होतं. उभं राहून सांगितलं, वर्गात सांगतात तसं. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मला माहीत होतं."

"कुणाकडून?"

तिनं सडक्या भागावर फूटपट्टी लावली. "दोन ठिकाणी नवं लाकूड घालायचं, जुन्या धडाला तिरपा सांधा मारून. एकदा तो सांधा धरला की भिंत पन्नास वर्षं बोलणार नाही. पण समितीला ते प्रत्यक्ष दिसायला हवं. निदान एक सांधा. वाळलेलं चेस्टनट हवं, आणि तो सांधा मारणारा माणूस. माझ्या ऑफिसात असा कुणी नाही. काका, तुमच्या ओळखीत?"

"एकच होता. तो येणार नाही."

"विचारलंत?"

"मी विचारण्याच्या लायकीचा नाही."

ती अवजारं गोळा करायला लागली आणि काम करता करता गुणगुणली. आमची कविता! दगड म्हणे, लाकूड म्हणे, चुना म्हणे… आणि न थांबता चौथी ओळ :

भिंत म्हणे, भांडलात तर मी जाईन.

माझ्या हातातून थापी पडली. हीच! हीच ती. मी विचारलं कुठं ऐकलीस. म्हणाली, "कुठंतरी." यानिनाच्या शिक्षणखात्यात जुनी कागदपत्रं असतात, गुरुजींनी तिकडे पाठवली असणार. हुशार पोरगी, फायली चाळते.

जाताना एक डबा दिला. फार्सालाचा हलवा. फार्साला कुठं, यानिना कुठं, पार लारिसाच्या वाटेवरचं गाव. पण हल्ली सगळीकडे सगळं मिळतं. हलवा चांगला होता. वरची करपलेली साखर लांब्रिनीला आवडायची.


२४ ऑक्टोबर, सोमवार

आज ते केलं.

दुपारी पोलिक्सेनीच्या दुकानात बारा-तेरा माणसं होती. पत्ते चालले होते. मी मधल्या खांबाशी उभा राहिलो, कारण एकाहत्तरला तिथंच उभा होतो.

"ऐका," मी म्हटलं. "उत्तरेच्या भिंतीत सिमेंट मी भरलं. लाकूड माझ्यामुळं सडलं. कोस्मासनं मला इथंच सांगितलं होतं, आणि मी त्याला इथंच, तुमच्यापुढं, त्याच्या मेलेल्या पोरीवरून बोललो. तो बरोबर होता. मी चूक होतो. दोन्ही बाबतीत. ज्यांनी तेव्हा ऐकलं ते बरेच गेले, म्हणून उरलेल्यांनी त्यांच्या वाटचंही ऐका."

कुणी पत्ता टाकला नाही. पोलिक्सेनी म्हणाली, "भाऊ, बसा. पाणी देते."

मेनेलाओसनं गळा साफ केला. "काका, माफ करा, पण हे मला समितीला सांगावं लागेल. मिस्त्रीच म्हणतो भिंत त्याच्या हातानं बिघडली."

"सांग. लिहून घे. मी सही करतो." त्यानं खरोखरच कागद काढला. मी सही केली, ठळक, वळणदार, गुरुजींनी शिकवली तशी. "आणि खाली हेही लिही : ज्या हातानं बिघडवली त्याच हातानं नीट करणार. गुरुवारी, सत्तावीस तारखेला. समितीच्या तोंडावर. लाकूड मिळालं नाही तर माझ्या पलंगाचे पाय कापीन."

"पलंग चेस्टनटचा आहे का?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"अक्रोडाचा."

"मग नाही चालणार हो काका."

सगळे हसले. चौतीस वर्षांपूर्वीही असेच हसले होते. या वेळी मीही हसलो.


२५ ऑक्टोबर, मंगळवार

लाकूड नाही. तीन गावं फिरलो. एकाकडे पाइन, एकाकडे कच्चं ओलं, एकानं प्लायवूड दाखवलं. त्याला मी काय म्हटलं ते इथं लिहीत नाही, वही शाळेची आहे.


२६ ऑक्टोबर, बुधवार

संत दिमित्रीचा दिवस. पूर्वी याच दिवशी गवंड्यांच्या टोळ्या परत यायच्या. वसंतात खेचरं घेऊन गेलेली माणसं, कुणी आठ महिन्यांनी, कुणी दोन वर्षांनी. म्हणून आजच्या संध्याकाळी आमच्याकडे दाराला कडी लावत नाहीत. थकलेल्या माणसाला स्वतःच्या घरी दार वाजवायला लागू नये.

टोळ्या कधीच्या संपल्या. लांब्रिनी तरीही दरवर्षी कडी काढून ठेवायची, आणि टेबलावर एक जास्तीचं ताट, त्यावर पालेभाजी भरलेली पोळी झाकून. मी म्हणायचो, "अगं, मी तर घरातच आहे. कुणासाठी?" म्हणायची, "रीत आहे." मी त्यावर विश्वास ठेवला. ती गेल्यावर मीही तेच करत आलो, रीत म्हणून. आज ताट मांडताना हातात धरून उभाच राहिलो, किती वेळ कोण जाणे.

उद्या दहाला समिती. माझ्याकडे सोललेली भिंत आहे, वीस वर्षांचा चुना आहे, खाली दगड आहेत, एकेक वाजवून घेतलेला. लाकूड नाही. नसू दे. बुलडोझर आला तर मी कोनाड्यात बसेन, जिथं गुरुजींचा नकाशा असायचा, आणि चारही ओळी म्हणेन. पुन्हा पुन्हा. त्यांना मला उचलून न्यावं लागेल, आणि मी जड आहे. दगडाचं खाल्लंय आयुष्यभर. परवा ‘नाही’चा सण, पण मी माझा एक दिवस आधीच साजरा करीन.

ऊन समोरच्या डोंगरावरून उतरलंय. खालच्या वळणावर एक छोटा टेम्पो थांबल्याचा आवाज आला, मग माघारी न जाता बंद झाला. मेनेलाओस असणार, शेवटची बाटली घेऊन. मी पाठ न वळवता ओरडलो, "ये, उघडंच आहे!"

कुणी आलं नाही.

मग उंबऱ्याच्या दगडावर लोखंड वाजलं. एकदाच.

टण्.

वळून बघितलं. दारात एक वाळका म्हातारा, टोपीवर लाकडाचा भुसा, खांद्यावर पोत्यात गुंडाळलेला वाकस. बुटांना शाळेच्या अंगणातला पांढरा चुना, म्हणजे आधी तिकडे जाऊन आलाय. मागं अंगणात ती पोरगी तीन लांब काळपट तुळया टेम्पोतून ओढून काढते आहे, एकटीच, शिव्या देत. म्हणजे चौथी ओळ आणि तो हलवा फायलींतून आले नव्हते. त्यानं टेबलावरच्या ताटाकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग माझ्याकडे.

"लिहीत काय बसलात," तो म्हणाला. "उठा. एक टोक धरा, दाजी."